प्रतिकारशक्ती डब्यात मिळत नाही

"डॉक्टरांनू, प्रतिकारशक्ती वाढवूक कायतरी देवा." २०२० च्या कोरोना साथीपासून ही मागणी गावोगावच्या दवाखान्यांत ऐकू येते. पूर्वी लोक ताकदीचे टॉनिक मागत असत, आता प्रतिकारशक्तीचे औषध मागतात. काढे, पावडरी, गोळ्या आणि रस यांची बाजारात रेलचेल झाली असून प्रत्येक डब्यावर 'इम्युनिटी बूस्टर' ही अक्षरे ठळकपणे छापलेली असतात. सर्दी-पडशापुरती ही हौस राहिली असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हेच डबे आता कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी पोहोचले आहेत. तिथे ते पैसा तर खातातच, पण रुग्णाचा वेळही खातात, आणि कर्करोगात वेळ हा पैशापेक्षा मोलाचा असतो.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही डॉक्टरला परिचित असलेले एक उदाहरण घ्या. पन्नाशीचा मच्छीमार. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. जिभेच्या कडेला जखम झाली, महिना झाला तरी भरली नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले. 'तुकडा काढला की रोग पसरतो' असे शेजाऱ्याने सांगितले आणि कुणा नातेवाईकाने 'पेशींना ताकद देणारी' पावडर आणून दिली. चार महिने ती पावडर दुधातून घेतली. नंतर मानेत गाठ आली तेव्हा मंडळी पुन्हा दवाखान्यात आली. सुरुवातीला एका शस्त्रक्रियेत सुटण्याजोगा प्रश्न चार महिन्यांनी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी असा तिहेरी होऊन बसतो, आणि एवढे करूनही खात्री देता येत नाही.

या रुग्णाला पावडर विकणाऱ्याने एक अर्धसत्य सांगितलेले असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे आहे. विज्ञानाने ते निर्विवाद सिद्ध केले असून त्यावर आधारलेले उपचार आज मुंबईत होत आहेत. मात्र ही यंत्रणा 'ताकद' कमी पडल्यामुळे हरते आणि ताकद वाढवली की जिंकते, हा पुढचा भाग खोटा आहे. या लढाईत ताकदीपेक्षा निरोप महत्त्वाचा असतो. कोणत्या पेशीने कोणत्या पेशीला, कधी, कोणता रासायनिक निरोप दिला यावर सारे अवलंबून असते. हे एकदा नीट समजले की डब्यावरची अक्षरे आपोआप फिकी पडतील, म्हणून आज थोडे शास्त्र समजून घेऊ.

दारावरची पाटी

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशींचे विभाजन होते. प्रत्येक विभाजनात आनुवंशिक मजकुराची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. तंबाखू, विडी-सिगारेट, दारू, काही विषाणू आणि वाढते वय यांमुळे या चुका वाढतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, नाहीतर स्वतःहून मरते. एखादी पेशी मात्र यातून निसटते आणि बेबंद वाढू लागते.

अशी पेशी ओळखायची कशी? जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या आवरणावर मांडून ठेवते. घराच्या दारावर पाटी असावी तसे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी-पेशी' या पाट्या वाचत फिरतात. पाटीवर ओळखीचे नाव असेल तर पुढे जातात, परके नाव दिसले तर थांबतात. काही कर्कपेशी हुशारी करून पाटीच काढून टाकतात. त्यांच्यासाठी 'एनके', म्हणजे 'नैसर्गिक मारेकरी' नावाच्या पेशी आहेत. त्यांना पाटी नसलेले घरच संशयास्पद वाटते. अशा दोन प्रकारच्या पहारेकऱ्यांची गस्त आपल्या शरीरात अहोरात्र सुरू असते.

पण पहारेकऱ्याला परकी पाटी दिसली म्हणून तो लगेच वार करत नाही. तसे झाले असते तर आपले शरीर आपल्याच पेशींनी उद्ध्वस्त केले असते. वार करण्याआधी त्याला आदेश लागतो.

रापणीची हाक

हे समजायला आपल्या किनाऱ्यावरची रापण आठवा. वाळूत पन्नास धट्टीकट्टी माणसे बसलेली असली म्हणून मासळी मिळत नाही. पाण्याचा रंग आणि पक्ष्यांच्या घिरट्या पाहून जाणता माणूस थवा ओळखतो. होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळ मारते. मग हाक होते आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे ओढू लागतात. हाक झाली नाही तर ती पन्नास माणसे गजाली मारत बसतील. एकाच टोकाची माणसे ओढू लागली तर जाळे वाकडे होईल. ताकद सगळ्यांच्या अंगात आहेच, पण कामाला लावते ती हाक.

शरीरातल्या या हाकांना शास्त्रात 'सायटोकाइन' म्हणतात. ही लहान आकाराची प्रथिने असतात. एक पेशी ती बाहेर सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावरील ठराविक कुलपात ती किल्लीसारखी बसतात आणि त्या पेशीचे वागणे बदलते. यांतील पहिल्या काही निरोपांपैकी इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लावला. पुढे इंटरल्युकिन नावाचे एक मोठे कुटुंबच सापडले. त्यांना क्रमांक दिलेले आहेत, जसे इंटरल्युकिन-२, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१२.

आता क्रम पाहा. गाठीतल्या काही कर्कपेशी मरतात आणि त्यांचे तुकडे आसपास पडतात. अंगाला फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या 'डेंड्रिटिक' पेशी ते तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथी सुजल्यामुळे. तिथे लाखो टी-पेशी वाट पाहत असतात. डेंड्रिटिक पेशी त्यांना तो तुकडा दाखवते. ज्या टी-पेशीला तो जुळतो तिला पहिला निरोप मिळाला. पण एवढ्यावर ती जागी होत नाही. 'हा खरोखरचा धोका आहे' असे सांगणारी दुसरी खूण डेंड्रिटिक पेशीच्या अंगावर असावी लागते. आणि तिसरा निरोप असतो इंटरल्युकिन-१२ सारख्या सायटोकाइनचा, जो टी-पेशीला 'मारेकरी हो' असे सांगतो. पहिला निरोप मिळाला आणि दुसरा मिळालाच नाही, तर ती टी-पेशी सुस्त होते आणि पुढे त्या शत्रूकडे दुर्लक्ष करू लागते.

हे निरोप जुळले की टी-पेशी इंटरल्युकिन-२ तयार करते. हा वाढीचा निरोप. त्यामुळे एका पेशीच्या हजारो प्रती तयार होतात. गाठीकडून येणाऱ्या दुसऱ्या रासायनिक खुणांचा माग काढत त्या रक्तातून तिथे पोहोचतात आणि कर्कपेशीला चिकटतात. चिकटल्यावर 'परफोरिन' नावाचे प्रथिन सोडून कर्कपेशीच्या आवरणाला भोके पाडतात आणि त्या वाटेने 'ग्रँझाइम' आत पाठवतात. ग्रँझाइम कर्कपेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू करतात. पेशी आतून मोडते, आणि मारेकरी टी-पेशी तिला सोडून पुढच्या पेशीकडे वळते.

याच वेळी ती 'इंटरफेरॉन-गॅमा' हा आणखी एक निरोप आसपास सोडते. त्यामुळे शेजारच्या भक्षक पेशी चवताळतात आणि उरलेल्या कर्कपेशींना आपल्या पाट्या अधिक ठळकपणे दाखवाव्या लागतात. पहिल्या हल्ल्यामुळे पुढचा हल्ला सोपा होतो.

मग कर्करोग होतोच कसा?

इतकी चोख व्यवस्था असताना कर्करोग का होतो, असा प्रश्न कोणालाही पडेल. धट्टाकट्टा, कधी आजारी न पडलेला माणूसही कर्करोगाने जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची 'ताकद' कुठे कमी होती?

उत्तर असे, की कर्कपेशीही निरोप पाठवायला शिकतात. 'टीजीएफ-बीटा' आणि इंटरल्युकिन-१० सारखे 'शांत राहा' असे सांगणारे निरोप गाठीभोवती पसरवले जातात. जे भक्षक मदतीला यायचे तेच फितूर होऊन गाठीला रक्तवाहिन्या पुरवू लागतात. शिवाय टी-पेशीच्या अंगावर मुळातच ब्रेक बसवलेले असतात. लढाई संपल्यावर तिने थांबावे म्हणून ही निसर्गाची सोय. 'पीडी-१' हा असाच एक ब्रेक. कर्कपेशी आपल्या अंगावर त्याची जोडखूण उगवते आणि टी-पेशी जवळ आली की तो ब्रेक दाबते. गंमत अशी, की इंटरफेरॉन-गॅमा हा हल्ल्याचा निरोपच कर्कपेशीला ही जोडखूण वाढवायला उद्युक्त करतो. म्हणजे आपल्याच हाकेने शत्रू सावध होतो.

असे ब्रेक सोडवले तर कर्करोगावर उपचार होऊ शकतो, हे दाखवणाऱ्या अमेरिकेच्या जेम्स अॅलिसन आणि जपानच्या तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी टी-पेशीला ताकद दिली नाही. तिच्यावर दाबून ठेवलेला पाय काढला. ब्रेक दाबलेल्या गाडीत कितीही पेट्रोल ओतले तरी ती जागची हलत नाही. पावडरी विकणारे आपल्याला पेट्रोल विकत आहेत, आणि तेही भेसळीचे.

निरोप अति झाला तर

'पण वाढली प्रतिकारशक्ती, तर बिघडले काय?' असाही एक युक्तिवाद असतो. त्याचे उत्तर कोरोनाने घरोघर दिले आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर धावत होते, हे अनेकांना आठवत असेल. ते इंजेक्शन विषाणू मारत नाही. ते इंटरल्युकिन-६ या निरोपाचा कान बंद करते. अनेक गंभीर रुग्णांत फुप्फुसांचे नुकसान विषाणूपेक्षा प्रतिकारयंत्रणेच्या आरडाओरड्याने होत होते, आणि त्यांची प्रतिकारशक्ती वाढवायची नसून आवरायची होती.

कर्करोगाच्या उपचारातही हाच धडा मिळाला आहे. इंटरल्युकिन-२ हे औषध म्हणून अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. काही थोड्या रुग्णांच्या गाठी पूर्ण विरघळल्या आणि परत आल्या नाहीत. पण मोठ्या मात्रेत दिल्यावर रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरू लागे, रक्तदाब कोसळे, आणि रुग्णाला अतिदक्षता विभागासारख्या देखरेखीखाली ठेवावे लागे. २०१२ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या एका सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच बदललेल्या टी-पेशी देण्यात आल्या. त्या पेशींनी कर्कपेशी मारायला सुरुवात केली आणि निरोपांचे असे वादळ उठले की मुलगी मरणाच्या दारात गेली. रक्तात इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढल्याचे दिसल्यावर डॉक्टरांनी संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब दिले. ती वाचली आणि तिचा कर्करोगही गेला.

आपल्या अंगणातले उदाहरणही आहे. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघर झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला केल्यासारखे चित्र दिसत होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, हेही सांगायला हवे. गुळवेल वाईटच असा माझा दावा नाही. एवढेच म्हणायचे आहे, की ज्या पदार्थाने प्रतिकारयंत्रणा खरोखर चाळवते तो निरुपद्रवी असणार नाही, आणि जो अगदी निरुपद्रवी आहे त्याने ती चाळवत नसावी. दोन्ही गुण एकाच डब्यात असल्याचे कोणी सांगत असेल तर सावध व्हावे.

जुना शोध, ओळखीची लस

निरोपांचा उपयोग करून कर्करोग बरा करण्याची खटपट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचले. पुढे त्यांनी मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. काही गाठी विरघळल्या, पण काही रुग्ण संसर्गाने दगावले. असे का घडते हे त्या वेळी कोणाला सांगता येत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे, की जंतूंचे अंश दिसताच भक्षक पेशी जोरदार निरोप सोडतात आणि त्या गोंधळात गाठीकडेही लक्ष वेधले जाते.

याच तत्त्वावरचा एक उपचार आजही रोज वापरला जातो, आणि त्यातले औषध आपल्या प्रत्येकाच्या दंडावर व्रण ठेवून गेले आहे. क्षयरोगाची बीसीजी लस! कॅनडाचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मूत्राशयाच्या वरच्या थरातील कर्करोगासाठी ती वापरून दाखवली. सुरुवातीला आठवड्यातून एकदा असे सहा वेळा नळीने बीसीजी मूत्राशयात सोडतात. आतल्या अस्तरात प्रतिकारपेशी गोळा होतात, इंटरल्युकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांसारखे निरोप सुटतात आणि उरलेल्या कर्कपेशी मारल्या जातात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही या कामासाठी लागणारी बीसीजी तयार करते. नेमका जंतू, नेमक्या जागी, नेमक्या आजाराला, ठराविक मात्रेत, हे या उपचाराचे मर्म आहे. तीच बीसीजी जिभेच्या कर्करोगाच्या रुग्णाला पाजून काही होणार नाही.

परळ ते खारघर

आता मुंबईकडे वळू. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट धरतात. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. खानोली हे गाव वेंगुर्ले तालुक्यातले, तेव्हा हे आडनाव आपल्याला परके नाही. तंबाखू खाण्याचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध या देशात ज्यांनी आवर्जून मांडला त्यांत खानोलकर अग्रभागी होते.

त्याच संस्थेचा पुढचा अवतार म्हणजे खारघरचे 'अॅक्ट्रेक' केंद्र. तिथे ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिली 'कार-टी' पेशी रुग्णाला देण्यात आली. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत ती विकसित झाली होती. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे 'सीडी-१९' ही खूण ओळखणारा एक हात त्या पेशीला फुटतो. ही खूण काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लसिकेच्या कर्करोगांत कर्कपेशींवर असते. मग त्या पेशींची संख्या वाढवून त्या रुग्णाला परत देतात.

या कृत्रिम हाताची रचना आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. वर सांगितलेला पहिला निरोप आणि दुसरा निरोप असे दोन्ही त्यात एकत्र जोडलेले आहेत. कर्कपेशीला हात लागताक्षणी टी-पेशीला दोन्ही आदेश एकदम मिळतात, ग्रंथीतल्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. शास्त्रज्ञांनी टी-पेशी बलवान केली नाही, तिचा निरोप दुरुस्त केला.

'नेक्सकार-१९' या नावाने या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. हे सर्व रुग्ण आधीचे उपचार थकलेले होते, हे लक्षात घ्यावे. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागणारा हा उपचार इथे सुमारे ३० ते ४० लाखांत होऊ लागला. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण ३० लाख म्हणजे आपल्याकडे घर, होडी आणि बागायत मिळून होणारी किंमत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पाच लाखांच्या मर्यादेपलीकडचा हा आकडा आहे.

म्हणून टाटा रुग्णालयाचे दुसरे एक काम मला आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. निव्होलुमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारे औषध. पूर्ण मात्रेत ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी विचार केला, की ब्रेक सोडवायला इतके औषध खरोखर लागते का? तोंड, घसा या भागांतील, शस्त्रक्रियेने बरा न होणारा कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. सर्वांना स्वस्त गोळ्यांची केमोथेरपी दिली आणि निम्म्यांना त्याशिवाय दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही हे कमी. वर्षभरानंतर केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के, तर निव्होलुमॅबही घेणाऱ्यांपैकी ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण कायमचे बरे झाले असे कोणी म्हणत नाही. पण आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या कर्करोगांपैकी एकात, गरिबाला परवडण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे.

आपण काय करायचे?

माझे मत स्पष्ट आहे. प्रतिकारशक्तीच्या नावाने कर्करोगाच्या रुग्णाला पावडर विकणे ही फसवणूक आहे आणि तिला 'निदान अपाय तर नाही ना' अशा सौम्य शब्दांनी पाठीशी घालू नये. अपाय आहे. निदान लांबते, केमोथेरपी चालू असताना नकळत यकृतावर भार पडतो, आणि घरातला पैसा चुकीच्या दारी जातो. घरचे ताजे अन्न, पेज, मासे, अंडी, डाळ, कोकमाचे सार हे रुग्णाने जरूर घ्यावे. उपचार सोसायला पोषण लागतेच. पण ते अन्न आहे, निरोप नव्हे. टी-पेशीचा ब्रेक सोलकढीने सुटत नाही. दुसरे काही घ्यायचेच असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना डबा दाखवून विचारावे, लपवू नये.

तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती मनातून काढावी. गाठ लहान असते तेव्हा फितुरीचे जाळेही लहान असते, आणि शस्त्रक्रियेने ते सगळेच उचलून टाकता येते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपचार आजही तोच आहे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज ही ठिकाणे आपल्यापासून फार दूर नाहीत. महात्मा फुले योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. रेशनकार्ड बरोबर न्यावे.

तंबाखू आणि मशेरी यांच्याबद्दल पुन्हा सांगावेसे वाटते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. तंबाखूने पेशींच्या मजकुरातील चुका वाढतात, शिवाय तोंडाच्या अस्तरात सतत दाह राहिल्याने तिथले निरोपही बिघडतात. एका हाताने तंबाखू मळायची आणि दुसऱ्या हाताने प्रतिकारशक्तीची पावडर घ्यायची, हे गळक्या होडीत पंप बसवण्यासारखे आहे. भोक आधी बुजवावे.

प्रतिकारयंत्रणेला आधीच योग्य निरोप देऊन ठेवणारी वस्तू खरोखर हवी असेल तर तीही आहे, आणि तिचे नाव लस. हेपॅटायटिस-बी ची लस यकृताच्या कर्करोगापासून बचाव करते. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांना कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरील लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. हेच खरे प्रतिकारशक्तीचे औषध, आणि याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

शेवटी शासनाकडे एक मागणी. खारघर आणि पवई येथील संशोधन जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थांतून झाले आहे. कमी मात्रेच्या निव्होलुमॅबसारखे उपचार जिल्ह्याच्या पातळीवर मिळावेत, निदान त्यांची इंजेक्शने आणि देखरेख ओरोसला व्हावी, अशी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. दर तीन आठवड्यांनी पाचशे किलोमीटर जाऊन येणारा रुग्ण औषधाने नव्हे, प्रवासाने थकतो. तोपर्यंत आपल्या हाती आहे ते करावे. घरातल्या कोणाच्या तोंडात न भरणारी जखम असेल, तर या आठवड्यातच त्याला तपासणीला घेऊन जावे.